पिवळ्या लोकरीच्या नऊ ओळी

"काका, काचेला हात लावू नका."

मी हात लावला नव्हता. मी टकटक केली होती, आणि या दोन्हींत फरक आहे. अडतीस वर्षं मी लोकांच्या घरांना, दुकानांना, दवाखान्यांना काचा बसवल्या. बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं की काच स्वतःच सांगते, जाडी किती, चौकटीत नीट बसलीय की नुसती टेकवलीय. ही खोड आता माझ्याबरोबरच जायची. पण संग्रहालयातल्या पहारेकरीणबाईंना हे कोण सांगणार?

"खालचा डावा कोपरा सैल आहे," मी म्हणालो. "उद्या काच निखळली तर माझ्या नावानं बोंब मारू नका."

"तुम्ही वाजवायचं थांबवा, म्हणजे नाही निखळणार," त्या म्हणाल्या.

फटकळ बाई होती. मला बरं वाटलं. आठवड्याभरात माझ्याशी समोरासमोर बोललेलं ते पहिलं माणूस.

हे काचेच्या कलेचं संग्रहालय. माझ्यासारख्यानं तिथे तिकीट काढून जायचं म्हणजे सुतारानं सुट्टीच्या दिवशी टेबलं बघत हिंडायचं. पण जाणं भाग होतं. कारण मी एका विणकामाच्या गटात होतो, आणि त्या गटातल्या बारा बायकांच्या समजुतीप्रमाणे मी माझी बायको होतो.

हसू नका. सांगतो सगळं.

आमची ही विणायची. दोन सुयांचं म्हणा, क्रोशा म्हणा, हात रिकामा कधी नाही. गुडघे गेले आणि बाहेर जाणं बंद झालं, तेव्हा तिनं फोनवर कुठूनसा हा गट शोधून काढला. वेगवेगळ्या गावच्या बायका, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या. दर महिन्याला चिठ्ठी टाकून एक विषय काढायचा, त्यावरून जिनं तिनं काहीतरी विणायचं आणि महिनाअखेर फोटो टाकायचा. याला त्या चॅलेंज म्हणायच्या. बक्षीस काही नाही, नुसतं "वा गं!" सगळ्यांना टोपणनावं. गटाची प्रमुख एक निवृत्त नर्स, तिला मेट्रन म्हणत. हिच्या मांडीवर सदानकदा लोकरीचा गुंडा, म्हणून ही गुंडाताई. ते ऐकून मी म्हणालो होतो, "बरोबर ओळखलंय तुला." त्यावर दोन दिवस फिका चहा मिळाला.

मी त्या भानगडीत कधी पडलो नाही. संध्याकाळी ही फोनमध्ये बघून हसायची आणि मी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत पेपर वाचायचो. "अहो, शर्टानं नका पुसू, चरे पडतात," ही म्हणायची. "जगाला काचा बसवून देता आणि स्वतःच्या डोळ्यांवर ही दशा!" मी हूं म्हणायचो. क्रोशात एका प्रकारच्या टाक्याला मुका खांब म्हणतात. हिनं ते नाव मला लावलं होतं. लेकीचा फोन आला की सांगायची, "आमचा मुका खांब पेपर वाचतोय."

एका दुपारी ही चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात बसली. बसली ती उठली नाही. डॉक्टर आले ते फक्त कागद लिहायला.

लेक आली, पंधरा दिवस राहिली, रडली, कपाटं आवरली आणि परत गेली. तिची नोकरी आहे, मुलं आहेत, ती तरी काय करणार? दर रविवारी फोन करते. "बाबा, जेवलात का?" जेवलो. "काय जेवलात?" इथे माझं घोडं पेंड खातं.

लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हिचा फोन वाजला. मेट्रनचा निरोप होता. "गुंडाताई, कुठे गायब? या महिन्याचा विषय 'पान'. तुझंच राहिलंय. बरी आहेस ना गं?"

कळवायचं म्हणूनच फोन उचलला होता. 'ती' एवढा शब्द लिहिला. पुढचा काही केल्या लिहवेना. घरात ती गेलेली होती, शेजारीपाजारी गेलेली होती, कागदोपत्री गेलेली होती. या एवढ्या एका ठिकाणी मात्र तिची कुणीतरी वाट बघत होतं. इथे कळवलं की इथेही संपलं. मी उठलो, तिची पेटी उघडली. पानांच्या नक्षीचा एक रुमाल मिळाला. त्याचा फोटो काढला आणि दिला पाठवून.

पाच मिनिटांत बारा जणींचं "वा गं गुंडाताई!" मी तिच्या खुर्चीत बसून ते सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

मग काय, सोकावलो. 'समुद्र' आला, मी निळी शाल काढली. 'खिडकी' आली, जाळीचा पडदा. 'ऊब' आली, तेव्हा तिचा राखाडी स्वेटर, 'बाग' आली तेव्हा फुलाफुलांची उशीची खोळ. बोलायचो बेतानंच. "हो गं", "गुडघा दुखतोय गं", एवढ्यावर भागायचं. एकदा "पाठवतो" लिहून बसलो होतो, पटकन पुसलं. एक पथ्य मात्र पाळलं. मेट्रनच्या त्या पहिल्या निरोपाच्या वर, म्हणजे ही स्वतः जे लिहायची त्यात, मी कधी गेलो नाही. तिथे तिचं बोलणं होतं. ते वाचायची माझी छाती नव्हती.

सहाव्या महिन्यात पेटीचा तळ दिसला. विषय निघाला 'चाक', आणि पेटीत गोल असं काही नाही. शहाण्या माणसानं इथे थांबावं. मी ठरवलं, आपणच विणायचं.

आता सुई हवी. हिच्या बाकीच्या क्रोशाच्या सुया दोऱ्याच्या कामाच्या, केसाएवढ्या बारीक. लोकरीची जाड सुई एकच, आणि ती अडकलेली होती. तिच्या खुर्चीच्या हातावर एक पिवळं काम तसंच पडून होतं. चहा टाकायला उठली तेव्हा तिनं ठेवलेलं. पिवळ्या लोकरीच्या नऊ ओळी, शेवटच्या टाक्यात सुई तशीच. काय होणार होतं, कोण जाणे. लेकीनं सगळं घर आवरलं पण त्याला मी हात लावू दिला नव्हता. सुई काढली की टाका मोकळा राहणार, आणि मोकळ्या टाक्याला जरा ओढ बसली की नऊच्या नऊ ओळी उसवून नुसता दोरा हातात. एवढं मला तिच्या शेजारी बसून ठाऊक होतं. उपाय ठाऊक नव्हता. म्हणून मी गटालाच विचारलं. "सुई दुसऱ्या कामाला हवीय. आधीच्या कामाचा टाका निसटू नये म्हणून काय करायचं गं?"

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग मेट्रननं लिहिलं, "सेफ्टी पिन लाव गं त्या टाक्यात. हळू." त्यानंतर एकेक करत सगळ्यांनी तेच लिहिलं. पिन लाव गं. पिन लाव, मग काही होत नाही. मला वाटलं, काय मायाळू बायका आहेत, एकीनं सांगितलं तरी पुरलं असतं.

पिन लावली. सुई मोकळी झाली. ते पिवळं काम पुन्हा खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि चाक विणायला बसलो. गोल विणताना दर फेरीला टाके वाढवायचे असतात हे मला कोण सांगणार? चाक कडेनं वर उचलत गेलं आणि त्याची वाटी झाली. तसाच फोटो टाकला. "टोपी गोड झालीय गं," एकीनं लिहिलं. नाचता येईना अंगण वाकडं. मी लिहिलं, "लोकरच खराब निघाली."

आणि मग मेट्रननं पुढचा विषय जाहीर केला. काच. या खेपेला फोटोवर सुटका नव्हती. प्रत्येकीनं काचेच्या संग्रहालयात जाऊन एक वस्तू निवडायची, तिच्यावरून वीतभर चौकोन विणायचा, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथल्याच उपाहारगृहात सगळ्यांनी जमायचं. चौकोन जोडून पांघरूण करायचं आणि लहान मुलांच्या दवाखान्याला द्यायचं. "गुंडाताई, तू तर त्याच शहरात राहतेस. गुडघ्याचं कारण चालणार नाही. यायचंच." या वेळी चिठ्ठ्या टाकल्याचं काही दिसलं नाही. पण माझ्या पायाखालची वाळू सरकली होती, चिठ्ठ्यांकडे कोण बघतो?

तर असा मी त्या संग्रहालयात येऊन पोचलो होतो.

पाच दालनं. एकात छताला काचेचे मासे टांगलेले, एकात काचेचा झगा, एकात फुलं. मी मनातल्या मनात चुका काढत हिंडलो. इथे बुडबुडा राहिलाय. हे घाईनं थंड केलंय, एक दिवस आपलं आपण तडकेल. ही बरोबर असती तर म्हणाली असती, "अहो, कधीतरी नुसतं बघावं माणसानं." खरं सांगतो, शेजारी कुणी नसलं की चुका काढण्यातही मजा येत नाही. कुणीतरी 'पुरे' म्हणायला लागतं.

शेवटच्या दालनात कोपऱ्यात एक साधी खिडकीची काच उभी केलेली होती. जुन्या पद्धतीची, तोंडानं फुंकून मग उलगडून सपाट केलेली. असल्या काचेत लाटा राहतात. खाली पाटी, कारागीर अज्ञात. मी तिथे थांबलो तो थांबलोच.

हिच्या माहेरी अशाच काचा होत्या. एक फुटली म्हणून मला बोलावलं होतं. मी बाहेर शिडीवर, ही आत. लाटांमधून तिचा चेहरा एकदा लांबुळका दिसायचा, एकदा चपटा. मी म्हणालो, "सगळ्याच बदलून टाका, यातून धड काही दिसत नाही." ती म्हणाली, "राहू द्या. यातून रस्ता हलताना दिसतो." मी फुटलेली तेवढी बदलली आणि पुढचे दोन महिने काही ना काही निमित्त काढून बाकीच्या काचा तपासायला जात राहिलो. शेवटी तिचे वडीलच म्हणाले, "काचा तपासून झाल्या असतील तर मुद्द्याचं बोला."

पहारेकरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ही नाही वाजवलीत?"

"ही नाही," मी म्हणालो.

पांढरी लोकर आणली. साधे मुके खांब, एकावर एक ओळी, बस्स. खिडकीच्या काचेवर नक्षी कशाला? पण दर ओळीच्या शेवटचा टाका मला दिसायचाच नाही. तो सुटायचा आणि चौकोन वर जाता जाता निमुळता व्हायचा. टेप लावला, खाली वीतभर आणि वर चार बोटं कमी. अडतीस वर्षांत एक काच वाकडी कापली नाही मी! उसवला. परत विणला. सात वेळा उसवला. काच एकदा कापली की कापली. लोकरीला सात वेळा चुकलेलं चालतं, हे मला या वयात कळत होतं. आठव्या खेपेलाही वर दोन बोटं कमीच राहिला, पण शनिवार आला होता.

चौकोन खिशात घातला. निघताना ते पिवळं कामही पिनेसकट दुसऱ्या खिशात घातलं. का, ते विचारू नका. घरी एकटं ठेववेना.

वाटेत तीन बेत रचले. एक, मी गुंडाताईचा भाऊ, ती आजारी आहे, हा घ्या चौकोन. दोन, पहारेकरीणबाईंच्या हाती चौकोन देऊन पळ काढायचा. तिसरा, खरं सांगायचं. त्या बारा जणी रडतील, हळहळतील, आणि मग पुढचा विषय निघेल आणि त्यात ती नसेल. उद्यापासून तिला कुणी "कुठे गायब?" म्हणून विचारणार नाही.

उपाहारगृह आणि माशांचं दालन यांच्यामध्ये एक काचेची भिंत आहे. मी माशांच्या बाजूला उभा राहिलो. पलीकडे दोन टेबलं जोडून बायका बसल्या होत्या. गोऱ्या, सावळ्या, एक काठी टेकणारी, एक पोरगेलीशी. टेबलावर रंगीत चौकोन पसरलेले, हसणं चाललेलं. मी खुर्च्या मोजल्या. तेरा. तेरावी रिकामी, तिच्यासमोर चहाचा कप, वर बशी झाकलेली.

ते झाकण बघून परत फिरावं म्हणून वळलो आणि सवयीनं हात गेला. टक टक.

बाराच्या बारा माना वळल्या. एक उंच, आखूड केसांच्या बाई उठून भिंतीला वळसा घालून आल्या.

"काचवाले," त्या म्हणाल्या, "किती वेळ उभे राहणार? चहा निवतोय."

आवाजावरूनच कळलं, मेट्रन. असा आवाज वॉर्डात चालतो. "तुम्ही मला कसं..."

"गुंडाताई सांगायची. वाटेतली एक काच वाजवल्याशिवाय तुम्ही पुढे जात नाही म्हणून. चला."

मला तेराव्या खुर्चीत बसवलं. बारा जणी माझ्याकडे बघत होत्या आणि मी बशीकडे. तीनही बेत उडून गेले.

"ती गेली," मी म्हणालो. "सात महिने झाले. तुम्हाला फोटो पाठवत होतो तो मी."

"माहीत आहे," मेट्रन म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट बोललो नाही. पुन्हा म्हणालो, "ती गेली हो."

"माहीत आहे आम्हाला."

काठीवाल्या बाई शाळेत शिकवत असाव्यात, समजावून सांगितल्यासारखं बोलल्या. "तुम्ही 'ऊब'ला तो राखाडी स्वेटर पाठवलात ना, त्याच्या बाह्यांना गोळे आले होते. अंगावर वापरून वापरून येतात तसले. या महिन्यात विणलेल्या लोकरीला गोळे कुठून येणार? तेव्हा शंका आली."

"आणि मग ती पिन," पोरगेलीशी म्हणाली. "टाक्याला पिन लावायची हे आम्हाला गुंडाताईनंच शिकवलेलं. सगळ्यांना. ती आम्हालाच कशी विचारेल? आणि ती असती तर तुम्ही तिलाच विचारलं असतंत."

पितळ उघडं पडायचं ते केव्हाच पडलं होतं, आणि या सगळ्याजणी वेड पांघरून पेडगावला गेल्या होत्या. मला संताप आला. टेबलावर हात आपटला, कप उडाला.

"मग सांगायचं होतं! महिनेच्या महिने खेळवलंत मला? म्हाताऱ्याची गंमत बघत होतात? टोपी गोड झालीय म्हणे!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी थांबलो नाही. "मी समजत होतो, एका तरी ठिकाणी ती आहे. बारा जणींना ती आहे असं वाटतंय. आणि तुम्ही... म्हणजे इतके दिवस ती माझ्या एकट्यापुरतीच होती."

हे बोललो आणि माझंच मला ऐकू आलं. मग मला रडू फुटलं. सात महिन्यांत लेकीसमोर आलं नव्हतं, ते तिथे, बारा परक्या बायकांमध्ये, लोकरीच्या ढिगासमोर. कुणी 'रडू नका' म्हणालं नाही. मेट्रननं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"गंमत नव्हती," त्या नंतर म्हणाल्या. "आम्ही तिच्यासाठी रडून घेतलं होतं, एकमेकींशी फोनवर. मग प्रश्न तुमचा उरला. विचारलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"गट सोडून गेलो असतो."

"म्हणून 'वा गं' लिहीत राहिलो. ते तुम्हालाच लिहीत होतो. आणि या खेपेला चिठ्ठी मी टाकलीच नाही. म्हटलं, हा माणूस घराबाहेर पडला तर काचेसाठी पडेल."

मी खिशातून पांढरा चौकोन काढून टेबलावर ठेवला. "वाकडा आहे."

"चौकट वाकडी असली तर तुम्ही काय करता?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"काच तशी कापतो."

"मग झालं तर." त्यांनी माझा चौकोन घेतला आणि त्याच्या तिरप्या कडेला दोन बोटांची पट्टी विणायला सुरुवातही केली.

मग मी दुसरा खिसा उघडला. पिवळं काम दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. सगळ्यांना आधी पिनच दिसली.

"तिच्या हातचं शेवटचं," मी म्हणालो. "हे काय होणार होतं ते मला कळत नाही. तुम्हाला कळतंय का बघा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मेट्रननं विचारलं, "तिचा फोन तुमच्याकडेच आहे ना? वर जाऊन वाचलं नाहीत कधी?"

"नाही. धीर नाही झाला."

"आता वाचा. आम्ही आहोत इथे."

चष्मा शर्टाला पुसला. फोन काढला आणि बोट सरकवत गेलो. काच, चाक, बाग, ऊब, खिडकी, समुद्र, माझे सगळे खोटे "हो गं". मग मेट्रनचा पहिला निरोप. त्याच्यावर तिचा, ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा.

"'पान' जरा उशिरा देते गं बायांनो. आधी आमच्या काचवाल्याच्या चष्म्याला घर विणतेय. जगाच्या खिडक्या लख्ख करतो आणि स्वतःला सगळं चऱ्यांमधून दिसतं त्याला. कितीदा सांगितलं, ऐकतो कुठे? आता घरच करून देते. पिवळं घेतलंय, म्हणजे हरवलं तरी सापडेल. त्याला माहीत नाही हं अजून."

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा दिसेना. इतके महिने ते माझ्याच हातात होतं.

"अहो-जाहो फक्त माझ्या तोंडावर होतं वाटतं," मी म्हणालो. कुणीतरी हसलं, आणि नाक ओढलं.

मेट्रननं पिवळं काम हातात घेऊन दोन बोटांनी दाबून बघितलं. "हात सैल होता तिचा, पण हे मुद्दाम घट्ट विणलंय. निम्मं झालंय. अजून नऊ ओळी, अर्ध्या तासाचं काम. मी करू? की तुम्हाला दाखवू, तुम्ही करता?"

"नको."

"का?"

"दहावी ओळ तिची नसेल."

त्यांनी पर्समधून कात्री काढून माझ्यासमोर ठेवली. "मग बंद करायला लागेल. पिनेवर किती दिवस ठेवणार? कुठेतरी अडकून एक दिवस सगळं उसवेल. दोरा कापायचा, टोक त्या शेवटच्या टाक्यातून ओढून घ्यायचं. मग ते कधीच उसवत नाही. कापणं तुमचंच काम आहे, तुम्हीच कापा."

मी दुकानाच्या समोरच्या दोन माणूस उंच काचा कापल्यात. एका रेघेत, न थांबता. हात हलला तर काच गेली, म्हणून मी हात हलूच दिला नाही कधी. त्या दिवशी तो वीतभर दोरा धरला आणि कात्रीची पाती एकमेकांवर वाजायला लागली. पोरगेलीशीनं दोरा ताणून धरला. मी कापला.

पिन काढली. क्षणभर टाका तसाच उघडा राहिला, ती सुईसकट ठेवून उठली तेव्हा होता तसा. मग मेट्रननं सांगितलं तसं टोक आत घातलं आणि ओढलं. टाका मिटला.

शाळेच्या बाईंनी नऊ ओळींची घडी घालून तळ आणि बाजू शिवून दिल्या. निवलेला चहा मी तसाच प्यायलो. निघताना पहिल्या दालनात पहारेकरीणबाई भेटल्या. "डावा कोपरा बसवून घेतला," त्या म्हणाल्या. "सैलच होता." मी वाजवून बघितलं. त्या ओरडल्या नाहीत.

गटात अजून आहे मी. मेट्रननं विचारलं होतं, नाव बदलायचं का? नको म्हणालो. पण आता "वा गं" कुणी लिहीत नाही, "वा काचवाले" लिहितात. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा फोन उपडा ठेवून दिला होता.

चष्मा त्या पिवळ्या घरात निम्माच मावतो. दांड्या आत जातात, काचा बाहेर राहतात. त्यांच्यावर चरे पडायचे ते पडतातच. लेक म्हणते, "बाबा, नवीन घ्या की चांगलं कडक घर." मी हूं म्हणतो.